दम्माम दुरुस्तीची पावती

रात्री साडेनऊला शटर अर्धं ओढलेलं,
तेवढ्यात खालून चार पाय दिसले
आणि चार पायांच्या मधे एक ढोल.
"काका, उद्या कार्यक्रम आहे, आणि हे फाटलं."

हल्याळहून टेम्पोनं आलेले.
निपाणीच्या अलीकडं खड्डा लागला
आणि लोखंडी स्टँडचा पाय कातड्यात घुसला.

मी चपला करतो, ढोल नाही,
असं म्हणायला तोंड उघडलं
तर बस्त्यावनं तो माझ्या मांडीवरच ठेवला,
तापलेलं लेकरू डॉक्टरपुढं ठेवावं तसा.
आतनं वास आला. धुराचा. हातांच्या घामाचा.

गाव कुठलं? म्हटलं.
"यल्लापुराकडचं."
त्याच्या आधी?
"गोव्याहून पळालो."
त्याच्या आधी?
"जहाज."
आणि त्याच्याही आधी?
तो हसला, ढोलावर हात ठेवून म्हणाला,
"ते हाच सांगतो. आता ह्याचीच वाचा बसली."

मी कातडं भिजत घातलं.
माझा आजा दरबारच्या चित्त्यांना
डोळ्यांवरच्या टोप्या शिवायचा, मऊ, आतून अस्तर लावून.
चित्ते आफ्रिकेतनं बोटीनं यायचे.
आज्याच्या वहीत प्रत्येकाचं नाव होतं, डोक्याचं माप होतं.
त्यांच्याबरोबर एक उंच काळा माणूस यायचा,
टोपी घालताना चित्त्याच्या कानात काहीतरी बोलायचा.
त्याचं नाव वहीत नाही.
आजा म्हणायचा, विचारायचं राहून गेलं.

शटरखालून गल्लीतला एक पोरगा वाकला,
"हबशी आलेत रे!" ओरडून पळाला.
बस्त्याव भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिला.
मला ते बघणं ओळखीचं.
नावाआधी जात विचारली की माझा बापही
असाच तारखा वाचायचा.

मग काही बोलणं झालं नाही.
वादी एका बाजूनं त्यानं ओढली, एका बाजूनं मी.
रोजामाय, त्याची आई, पायरीवर बसून वाकळ शिवत होती,
कडेकडेनं आत, आत, मधल्या पोटाकडं.
ती तिला कवंद म्हणते.
तिची कोंकणी माझ्या मराठीची मावसबहीण,
निम्मं कळतं, निम्मं चेहऱ्यावर वाचायचं.
कोपऱ्यांना तिनं चिंध्यांची फुलं लावली.
फूल नसलं तर वाकळ नागडी, म्हणाली.
आणि पोट शिवून बंद करण्याआधी
आत चार तांदूळ ठेवले,
पांघरील त्याचं पोट रिकामं राहू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी दसरा चौकातल्या हॉलात
मी शेवटच्या रांगेत बसलो.
भिंतीभर वाकळी टांगलेल्या.
शाळेतल्या मुलींनी रांगोळीचा समुद्र काढलेला,
त्यावर कुणाचा तरी बूट पडलेला.
एक साहेब वारशावर बोलले, माइक शिट्ट्या मारत होता.

मग दम्माम.
लोक ऐकत होते, मी टाके मोजत होतो.
सातव्या टाक्याला जरा सैल वाटलं,
श्वास धरला.
मग तालमीतल्या पोरांची हलगी मधेच घुसली,
कुणी बोलावलं नव्हतं तिला,
आणि आकडा माझ्या हातनं निसटला तो निसटलाच.

तो गल्लीतला पोरगा दाराशी उभा होता,
हातातला वडा थंड होईस्तोवर.
मी त्याला काही बोललो नाही.
चित्त्यांची गोष्ट सांगायची आहे, सवडीनं.

जाताना बस्त्याव पैसे काढायला लागला.
मी पावतीपुस्तक काढलं.
कातडं, शेळीचं, एक.
वादी, अकरा हात.
मजुरी...
रोजामायनं तिथं पेन थांबवलं,
पिशवीतले उरलेले तांदूळ माझ्या ओंजळीत ओतले.
मी लिहिलं: तांदूळ, एक मूठ. मिळाले.

गिऱ्हाइकाचं नाव?
"बस्त्याव सिद्दी," तो म्हणाला,
"जोडाक्षर नीट काढा, लोक एकच द लिहितात."

मी द ला द जोडला,
पेन दाबून,
कार्बनखालच्या पानावर उमटेपर्यंत.